घरातलं सगळं बंद, तरी मीटर लुकलुकत होता

दिवाळी उरकून आठवडा झाला असेल. मी गच्चीवर अंथरुणं उन्हात टाकत होते. खाली माडीवर आले, तर सज्जातला आमचा विजेचा जुना मीटर खोक्यात पडलेला आणि भिंतीवर नवा पांढरा मीटर. दोन मुलं स्क्रू आवळत होती. घरात तेव्हा एकटे अण्णा होते, माझे सासरे, वय ८४. "आजोबा, मीटर बदलायचाय, सरकारचा आदेश आहे," असं त्यांना सांगितलं आणि त्यांनी "बदला" म्हटलं.

"जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग किती होतं?"

"मोबाईलमध्ये फोटो काढलाय काकू."

"मला कागद?"

"सगळं ऑनलाईन असतंय."

मुलं कंत्राटदाराची होती, त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. एका दिवसात किती मीटर बदलले यावर त्यांची मजुरी. पण माझ्या घराच्या भिंतीवरची वस्तू मला न विचारता काढली गेली, आधी चिठ्ठी नाही, फोन नाही, हे मला त्या दिवशी फार लागलं. आजही लागतं.

या मीटरबद्दल मी काही प्रथमच ऐकत नव्हते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये वितरण क्षेत्राच्या सुधारणेची योजना आणली आणि देशभरात २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवायचं ठरवलं. महाराष्ट्रातल्या निविदांमध्ये एका मीटरमागे, पुढच्या देखभालीसकट, बारा हजारांच्या आसपास खर्च येणार अशा बातम्या आल्या, आणि केंद्राचं अनुदान मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये. उरलेले कोण देणार, हा प्रश्न इचलकरंजीच्या प्रताप होगाडे यांच्या वीज ग्राहक संघटनेने लावून धरला होता. आमच्या गल्लीतल्या किती जणांनी 'प्रीपेड मीटर नको' असे अर्ज दिले होते. मग जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. आता आलेला मीटर प्रीपेड नाही, बिल महिन्याचं महिन्यालाच येतं, आणि त्याला 'टीओडी मीटर' म्हणतात. म्हणजे दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज वापरली ते वेगवेगळं मोजणारा. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात वापरलेल्या युनिटला थोडी सवलत मिळते. हे खरं आहे, बिलात ती ओळ दिसते. पण हा मीटर दूरवरून वाचता येतो आणि दूरवरून बंदही करता येतो. ते काही नावाने बदलत नाही.

गल्लीत काय काय बोललं जात होतं! मीटर पळतो, मीटरच्या लहरींनी डोकं दुखतं, रात्री बारा वाजता वीज तोडतात. लहरींचं मला कधी भय वाटलं नाही. मीटरमधला तो भाग मोबाईलसारखाच थोडा वेळ संदेश पाठवतो, आणि मोबाईल तर आपण उशाशी घेऊन झोपतो. वीज तुटण्याचं मात्र भय होतं. अण्णांना दमा आहे. श्वास वाढला की संध्याकाळी दोनेक तास ऑक्सिजनचं मशीन लावावं लागतं. १२ ऑगस्ट २०२०, जन्माष्टमीच्या दिवशी उत्तर प्रदेशात एक चुकीची आज्ञा गेली आणि स्मार्ट मीटर असलेल्या लाखाहून अधिक घरांची वीज एकदम बंद पडली होती. कोणी बिल थकवलं नव्हतं, कोणी खांबावर चढलं नव्हतं. ही बातमी मी तेव्हा नुसती वाचली होती. आता तसाच मीटर माझ्या सज्जात होता.

पहिलं बिल आलं. आमचं घर महिन्याला ८५ ते ९५ युनिटचं. फ्रिज, तीन पंखे, दिवे, टीव्ही, कधी इस्त्री. बिल आठशेच्या आत. आता युनिट १६१ आणि बिल सोळाशेच्या वर. युनिट दुप्पट झाले नाहीत, पण बिल दुप्पट झालं. याचं कारण दराच्या टप्प्यात आहे. शंभर युनिटपर्यंतचा दर एक आणि शंभराच्या पुढच्या युनिटचा दर जवळजवळ दुप्पट. त्यामुळे काठावरच्या घरात साठ युनिट वाढले की रक्कम उडी मारते. ही गोष्ट मला नंतर कळली. त्या संध्याकाळी मी फक्त बिलाकडे पाहत बसले होते.

वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात गेले. खिडकीवरच्या माणसाने बिल पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, नवीन मीटर बरोबरच असतोय. जुना स्लो असणार." मग टोल फ्री क्रमांक दिला. मी घरी येऊन फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, आणि चार दिवसांनी मेसेज आला की तक्रारीचं निराकरण झालं. कोणी घरी आलं नव्हतं.

माझा मुलगा पुण्यात असतो. तो म्हणाला, "आई, तोंडी बोलू नकोस. लिहून दे आणि पोच घे." त्यानेच नियम शोधून पाठवले. वीज ग्राहकांच्या हक्कांचे केंद्राचे नियम २०२० मध्ये आले आणि २०२४ मध्ये त्यात भर पडली. मीटरचं रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी ग्राहकाने तक्रार केली, तर पाच दिवसांच्या आत कंपनीने शेजारी दुसरा मीटर बसवायचा आणि किमान तीन महिने दोन्हींचं रीडिंग ताडून पाहायचं. मी साध्या कागदावर अर्ज लिहिला, ग्राहक क्रमांक घातला, ही तरतूद घातली आणि तीन मागण्या केल्या: तपासणी मीटर बसवा, जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो द्या, मीटर बदलीच्या अहवालाची प्रत द्या. आवकला दोन प्रती दिल्या. एकीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली. तिथल्या बाई आधी म्हणाल्या, "शिक्का नंतर मारते." मी बाकावर बसून राहिले. पाऊण तासाने शिक्का मिळाला. तो शिक्का पुढे इतका उपयोगी पडला की ज्याला ज्याला तक्रार करायची आहे त्याला मी हेच सांगते, बाकी काही जमलं नाही तरी पोच सोडू नका.

बिल भरायचं की नाही, हा दुसरा पेच. न भरावं तर अण्णांचं मशीन. भरावं तर आपण मान्य केल्यासारखं होतं. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये याला वाट आहे. थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि वाद चालू असताना ग्राहकाने हरकत नोंदवून मागितलेली रक्कम भरली, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम भरली, यातली जी कमी असेल ती, तर निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. मी सहा महिन्यांची सरासरी काढली आणि 'हरकतीसह भरणा' असं पत्र देऊन तेवढेच भरले. काउंटरवर पुन्हा वाद झाला. मी कायद्याचं पान छापून नेलं होतं, ते पुढे ठेवलं. आतून साहेबांना विचारून आले आणि पैसे घेतले.

तपासणी मीटर पाच दिवसांत नाही, तेविसाव्या दिवशी आला. तोवर मी दोनदा स्मरणपत्र दिलं. बसवायला आलेला लाईनमन वयस्क होता, बोलायला मायाळू. दोन्ही मीटर एकापुढे एक जोडले, दोन्हींची रीडिंग माझ्या वहीत लिहून सही केली. महिन्याने ताडून पाहिलं: एकाचे १५८ युनिट, दुसऱ्याचे १५७.

मीटर बरोबर होता.

त्या दिवशी मला फार खजील वाटलं आणि रागही आला. खिडकीवरचा माणूस म्हणाला होता तेच खरं ठरलं. गल्लीत मी एवढं बोलून बसले होते. पण वही समोर ठेवून मी हिशेब करत होते आणि तो काही केल्या जमेना. फ्रिजचे ३५-४०, पंखे, दिवे, टीव्ही मिळून तीसेक, इस्त्री, अण्णांचं मशीन. कसंही वाढवून धरलं तरी १०० च्या पुढे जाईना. मग ५५-६० युनिट जातात कुठे?

मुलगा सुट्टीला आला तेव्हा त्याने कंपनीचं ॲप मोबाईलवर घालून दिलं. त्यात तासातासाचा वापर खांबांसारखा दिसतो. मी रोज रात्री ते पाहायला लागले. सकाळी सहा ते सात या तासाचा खांब उंच. आमच्याकडे सहाला कोण काय लावतं? मी उठून चहा करते, तो गॅसवर. आणि रात्री दोन-तीन वाजताही आमच्या एका फ्रिजला लागेल त्याच्या जवळजवळ दुप्पट वापर.

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी लिहिलेलं असतं, एका युनिटला किती वेळा. आमच्या मीटरवर ३२०० आहे. म्हणजे १०० वॅटचा एक जुना पिवळा बल्ब एकटा लावला तर तासाला ३२० वेळा, तीन मिनिटांत १६ वेळा लुकलुकायला हवा. मुलाने घरातली सगळी बटणं बंद केली, फ्रिजची पिन काढली, फक्त बल्ब लावला आणि मोबाईलवर वेळ लावून आम्ही दोघांनी मोजलं. एकतीस. पुन्हा मोजलं. एकतीस. मग त्याने बल्बही बंद केला. आता घरात काहीच चालू नव्हतं.

दिवा लुकलुकतच होता.

माझ्या पोटात गोळा आला. आमच्याच तारेवर कोणी तरी वीज घेतंय, हा पहिला विचार. आणि खाली राहतात ते माझे चुलत दीर. मन किती लवकर कुठे जातं! दोन दिवस मी भाऊजींशी नीट बोलले नाही. ते सकाळी "वहिनी, पेपर वाचून झाला का?" विचारायला आले, तर मी आतूनच उत्तर दिलं.

तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतले बापूकाका आले. सगळा जन्म वायरिंगच्या कामात गेलेला माणूस. त्यांनी आधी मीटरकडे नुसतं पाहिलं आणि विचारलं, "हा दुसरा दिवा कधीपासून पेटतोय?" लुकलुकणाऱ्या दिव्याच्या बाजूला आणखी एक दिवा स्थिर जळत होता, खाली 'अर्थ', म्हणजे जमीन, असं इंग्रजीत लिहिलेलं. मी म्हटलं, मीटर बसवला त्या दिवसापासून. मला वाटलं होतं तो मीटर चालू असल्याचा दिवा आहे.

काकांनी चिमट्याचा मीटर काढला, तारेभोवती अडकवायचा असतो तो. फेजच्या, म्हणजे वीज घरात आणणाऱ्या तारेत करंट जवळजवळ काही नाही. न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या तारेत मात्र अर्ध्या अँपिअरच्या आसपास. "जेवढा करंट एका तारेने येतो तेवढाच दुसरीने परत जायला पाहिजे," ते म्हणाले. "तुमच्याकडे आलाच नाही, आणि परत जातोय." मग त्यांनी आमचं मेन स्विच खाली ओढलं. दोन्ही तारा तोडणारं जुनं लोखंडी मेन. क्षणभरात खालून जाऊबाईंचा आवाज आला, "ताई, अहो आमचा फ्रिज बंद पडला! तुमच्याकडं आहे का लाईट?"

काका हसले नाहीत. मेन वर केलं आणि विचारलं, "पुरानंतर खालचं वायरिंग कोणी केलं होतं?"

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा आमचा खालचा मजला बुडाला होता. पाणी उतरल्यावर सगळ्या सांगलीला एकाच वेळी वायरमन हवा होता. भाऊजींना जो मिळाला त्याने आठ दिवसांत कसंतरी घर चालू करून दिलं. स्वयंपाकघर आणि पाण्याची मोटर यांची न्यूट्रल खाली कुजली होती, म्हणून त्याने ती आमच्या माडीवरच्या बोर्डातून घेतली. फेज त्यांच्या मीटरची, परतीची तार आमची. सकाळी सहाला नळाला पाणी येतं, मोटर लागते. तो उंच खांब त्या मोटरचा होता.

आता यातली खरी गोष्ट. आमचा जुना मीटर फक्त फेजची तार मोजत होता, त्यामुळे सहा वर्षं काही कळलं नाही. नवा मीटर दोन्ही तारा मोजतो आणि दोहोंत जो करंट जास्त, त्यावर युनिट धरतो. वीजचोरी पकडण्यासाठी तशी रचना केलेली असते, कारण काही लोक परतीची तार जमिनीत सोडून मीटरला फसवायचे. म्हणजे भाऊजींच्या फ्रिजने आणि मोटरने घेतलेला प्रत्येक युनिट त्यांच्या मीटरमध्ये फेजवर मोजला गेला, त्यांनी त्याचे पैसे भरले, आणि तोच युनिट माझ्या मीटरमध्ये न्यूट्रलवर मोजला गेला, त्याचे मी भरले. वीज एकदाच वापरली, बिल दोनदा लागलं. कोणी चोरी केली नव्हती. आणि तपासणी मीटरही त्याच जातीचा असल्यामुळे त्याने तीच चूक तितक्याच बिनचूकपणे मोजली!

बापूकाकांनी एका दुपारी खालची न्यूट्रल खालच्या मीटरवर नेली. साहित्य आणि मजुरी मिळून साडेनऊशे. ते भाऊजींनी मला देऊ दिले नाहीत. मी त्यांना माझ्या दोन दिवसांच्या अबोल्याचं कारण सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही विचारायचं की." बरोबर होतं त्यांचं. 'अर्थ'चा दिवा विझला. पुढच्या महिन्याचं बिल ९३ युनिटचं.

मी हे जुन्या घरांत राहणाऱ्या सगळ्यांना सांगते आहे. वाडे, चाळी, भावाभावांत वाटणी झालेली घरं, जिन्यातला दिवा एकाचा आणि तार दुसऱ्याची, अशी किती वायरिंग आपल्याकडे आहेत. नवा मीटर पळतो असं म्हणणाऱ्या आमच्या गल्लीतल्या चार घरी मी गेले. दोन ठिकाणी तो दिवा जळत होता. एका घरी गिझरमधून विजेची गळती निघाली, आणि ती नुसती बिलाची बाब नव्हती, अंघोळ करताना माणूस गेला असता. उरलेल्या दोन घरी काहीच दोष नव्हता, वापरच शंभराच्या पुढे सरकला होता.

पण मीटर बरोबर होता म्हणून माझं म्हणणं संपलं असं नाही. तो दिवा बसवला त्या दिवसापासून जळत होता. ज्या मुलांनी मीटर लावला त्यांना तो दिसत होता. बसवल्यावर दोन मिनिटं थांबून 'काकू, तुमच्या वायरिंगमध्ये दोष आहे, दाखवून घ्या' एवढं सांगायला कोणी त्यांना शिकवलं नव्हतं, आणि तेवढा वेळही दिला नव्हता. तपासणी मीटर बसवणाऱ्या लाईनमननेही सांगितलं नाही. चोरी पकडण्यासाठी जो दिवा ठेवला आहे, तो निर्दोष माणसाच्या घरी पेटला तर त्याला कळवायचं कोणी?

आणि त्या ॲपबद्दलही. त्या खांबांनीच मला मोटर सापडली, हे मी नाकारत नाही. पण त्याच खांबांत मला आमचं सगळं घर दिसलं. अण्णांचा श्वास कोणत्या संध्याकाळी वाढला, आम्ही कोल्हापूरला लग्नाला गेलो ते दोन दिवस घर कसं रिकामं होतं, मी रात्री किती वाजता दिवा मालवते. इतकं मी शेजारणीलाही सांगत नाही. २००९ मध्ये नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने याच कारणाने सक्तीचे स्मार्ट मीटर अडवले होते. माझा मावसभाऊ तिथे असतो, तो सांगतो की पुढे तिथे नाही म्हणण्याची सोय ठेवली गेली. मला इथे कोणी कागद दिला नाही की ही माहिती कोण पाहतं, किती दिवस ठेवतात, कंत्राटदाराला दिसते का. मी हे तीन प्रश्न लेखी विचारले आहेत. उत्तर आलेलं नाही.

जास्तीच्या युनिटांचे पैसे मागण्यासाठी मी आधी कार्यालयात अर्ज केला. उत्तर आलं, मीटरनंतरच्या वायरिंगची जबाबदारी ग्राहकाची. नियम मला मान्य आहे. पण दोषामुळे वीज वाया गेली असती तर मी मुकाट्याने भरले असते. इथे वाया काहीच गेलं नाही, एका युनिटचे दोन घरांकडून पैसे घेतले गेले. म्हणून वीज कायद्यात सांगितलेल्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे गेले आहे. तिथे वकील लागत नाही, आपली बाजू आपण मांडायची. तिथे नाही जमलं तर पुढे विद्युत लोकपाल आहेत.

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. माझी बिलं आणि भाऊजींची बिलं, त्याच महिन्यांची, एकाच फाईलमध्ये समोरासमोर लावली आहेत. बापूकाका येतो म्हणालेत. अण्णांनाही यायचं आहे. "मीच 'बदला' म्हटलं होतं," ते म्हणतात.